आठशे सत्तर मेंढ्या आणि एक गोळी

सकाळी उठल्यावर तोंड धुऊन, देवाचं नाव घेऊन मी पहिलं काम काय करते, तर कपाटातली एक बाटली उघडते आणि तिच्यातली इवलीशी पांढरी गोळी पाण्याबरोबर घेते. गेली वीसएक वर्षं हा नेम चालू आहे. वाचणाऱ्यांपैकी कितीजणींच्या घरी ही बाटली आहे, हे मला विचारावंसंही वाटत नाही. बस्तीत अभिषेकाला जमलेल्या दहा बायकांत दोघी-तिघी तरी 'थायरॉइडवाल्या' निघतातच. आमच्यात आता तो ओळख करून देण्याचा प्रकार झालाय. "तुमची किती पॉवरची?" "माझी पंचाहत्तर." "माझी शंभर."

गेल्या दशलक्षण पर्वात सूनबाईनं विचारलं, "आई, तुमचा आज उपवास ना? मग गोळीचं काय?" प्रश्न साधा होता. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवलंय, सूर्योदयानंतर घेते, नंतर पाऊण तास काही खायचं नसतं ते उपवासात आपोआपच साधतं. ती हसली आणि कामाला लागली. पण मला दिवसभर दुसराच प्रश्न ऐकू येत राहिला, साठ वर्षांपूर्वी आमच्या चिकोडी तालुक्यातल्या घराच्या सोप्यात विचारलेला. त्याच्यासाठीच हा लेख लिहायला बसले आहे. पण आधी थोडा इतिहास सांगायला हवा, नाहीतर तो प्रश्न केवढा मोठा होता ते कळणार नाही.

आपल्या शरीरात काही ग्रंथी अशा आहेत की त्यांना नळी नाही. लाळेच्या ग्रंथीची लाळ नळीतून तोंडात येते, घामाच्या ग्रंथीचा घाम कातडीवर येतो. पण गळ्यातली अवटू ग्रंथी म्हणजे थायरॉइड, मेंदूखालची पीयूषिका, मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी, यांचा रस जातो कुठे? शतकानुशतकं विच्छेदन करणाऱ्यांना याचं उत्तर सापडत नव्हतं. कुणी म्हणे थायरॉइड ही गळ्याला गोलाई येण्यासाठी आहे. बायकांची ती थोडी मोठी असते, म्हणून ती सौंदर्यासाठी दिली, असंही लिहून ठेवलेलं आहे. बायकांच्या शरीरात काही मोठं दिसलं की ते सौंदर्यासाठी, हा तर्क काही नवा नाही.

खरं उत्तर असं की यांचा रस सरळ रक्तात मिसळतो आणि रक्ताबरोबर सगळ्या अंगभर फिरतो. अशा रसाला 'हॉर्मोन' हे नाव लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंगनं १९०५ साली एका व्याख्यानात दिलं. ग्रीक शब्द आहे, अर्थ चेतवणारा, हलवून जागं करणारा. मराठीत आपण 'संप्रेरक' म्हणतो, तो शब्दही त्याच अर्थाचा, आणि मला तर मूळ शब्दापेक्षा बरा वाटतो. पण नाव मिळायच्या आधीच या रसाचा एक रोग आणि एक औषध सापडलेलं होतं, आणि दोन्हींच्या मध्यभागी बायका होत्या.

१८७३ साली लंडनचे मोठे डॉक्टर सर विल्यम गल यांनी एक निबंध वाचला. प्रौढ वयाच्या काही बायका त्यांच्याकडे आल्या होत्या. चेहरा सुजल्यासारखा, जीभ जाड, आवाज घोगरा, बोलणं संथ, हातपाय थंड, हालचाल मंद. आधी चांगल्या चालत्या-बोलत्या, घर चालवणाऱ्या बायका. त्यांचं असं का झालं, हे गलना सांगता आलं नाही. त्यांनी पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, एवढंच. पुढे विल्यम ऑर्ड यांनी याला 'मिक्सिडीमा' असं नाव दिलं. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीनं तर एक समितीच नेमली, आणि तिनं १८८८ मध्ये भलामोठा अहवाल दिला. शंभरावर रुग्णांची माहिती त्यात आहे. बहुतेक सगळ्या बायका. आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना भास, भ्रम, संशय असले मनाचे त्रासही झालेले. म्हणजे गळ्यातली तोळा-दीड तोळ्याची ग्रंथी वाळली म्हणून बाई 'वेडी' ठरत होती. अशा किती जणी घराच्या मागच्या खोलीत किंवा वेड्यांच्या इस्पितळात संपल्या असतील, याचा हिशोब त्या अहवालात नाही आणि कुठल्याच अहवालात असणार नाही.

याच काळात तिकडे स्वित्झर्लंडमध्ये एक वेगळंच नाट्य चाललं होतं. डोंगराळ देश, आणि डोंगरात गलगंड फार. गळ्याला नारळाएवढाल्या गाठी. आपल्याकडेही हा आजार जुनाच, सुश्रुतसंहितेत गलगंडाचं वर्णन आहे. बर्नचे शल्यचिकित्सक थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियेत इतके निष्णात झाले की जिथे पूर्वी कितीतरी रोगी टेबलावरच दगावायचे, तिथे त्यांच्या हातून शंभरात एकही जाईना. हात स्वच्छ, काम सावकाश, रक्त जराही सांडू द्यायचं नाही. ते ग्रंथी संपूर्ण, मुळासकट काढायचे. एवढी नीट शस्त्रक्रिया की त्यांना स्वतःलाच अभिमान वाटावा.

१८७४ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची ग्रंथी अशीच पूर्ण काढली. काही वर्षांनी तिला पाठवणाऱ्या डॉक्टरनं कळवलं की पोरीचं काही खरं नाही, ती मंद झाली आहे. कोखरनी मग आपल्या जुन्या रोग्यांना पत्रं पाठवून बोलावून घेतलं. ती मुलगीही आली, तिच्याबरोबर तिची धाकटी बहीण. लहानपणी दोघी इतक्या सारख्या दिसत की लोक गोंधळायचे. आता धाकटी उंच, सुरेख तरुणी झाली होती, आणि थोरली तिच्याजवळ ठेंगणी, सुजलेली, शब्द शोधत बोलणारी. ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती त्यांतल्या बहुतेकांची हीच गत. कोखर यांनी १८८३ मध्ये हे सगळं जाहीर सभेत सांगितलं. माझ्या हातून हे झालं, असं सांगितलं. साध्या गलगंडासाठी पुन्हा कधी पूर्ण ग्रंथी काढायची नाही असं ठरवलं. पुढे १९०९ साली त्यांना नोबेल मिळालं. नोबेलचं मला एवढं नाही, पण आपलं चुकलं हे चारचौघांत सांगणारा डॉक्टर मला मोठा वाटतो. आपल्या प्रतिक्रमणात दुसरं काय असतं?

तर आता दोन तुकडे जुळले. ग्रंथी वाळली तर जे होतं तेच ती काढली तर होतं. म्हणजे ग्रंथी काहीतरी देत होती. मग ते 'काहीतरी' बाहेरून दिलं तर?

इंग्लंडच्या न्यूकॅसल गावी जॉर्ज मरे नावाचा पंचविशीतला डॉक्टर होता. पोर्तुगालमध्ये दोन डॉक्टरांनी मेंढीची ग्रंथी एका रुग्ण बाईच्या कातडीखाली बसवली आणि तिला दुसऱ्याच दिवशी बरं वाटायला लागलं, हे त्यानं वाचलं. एका दिवसात काही ग्रंथीला नव्या रक्तवाहिन्या फुटत नाहीत. मग तिच्यातला नुसता रसच अंगात गेला असला पाहिजे, असा तर्क त्यानं केला. शस्त्रक्रिया कशाला, रसच टोचू या! हे त्यानं १८९१ च्या फेब्रुवारीत तिथल्या डॉक्टरांच्या बैठकीत मांडलं, तर एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, मणक्याच्या आजाराला मणक्याचा काढा द्यावा तसला हा वेडेपणा. मरेनं तरीही केलं. खाटकाकडून नुकत्याच कापलेल्या मेंढीची ग्रंथी आणली, बारीक चिरली, ग्लिसरीन आणि कार्बोलिक ॲसिडात भिजवली, आणि रुमालातून पिळून काढली.

१३ एप्रिल १८९१ रोजी त्यानं हा रस शेहेचाळीस वर्षांच्या एका बाईला टोचला. चार-पाच वर्षं तिची तब्येत ढासळत चालली होती, घराबाहेर पडायची सोय नव्हती, बोलायला जीभ वळत नव्हती. काही आठवड्यांत सूज उतरली. बोलणं मोकळं झालं. घाम यायला लागला, पाळी परत सुरू झाली, ती एकटी रस्त्यानं हिंडायला लागली. पुढच्याच वर्षी इतर डॉक्टरांना कळलं की टोचायचीही गरज नाही, ग्रंथी खाल्ली तरी गुण येतो. एकानं तर मेंढीची ग्रंथी जराशी तळून, बारीक करून, जेलीबरोबर खायला सांगितली. (हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी परत उघडलं.)

ती बाई त्यानंतर २८ वर्षं जगली आणि १९१९ साली चौऱ्याहत्तराव्या वर्षी हृदयविकारानं गेली. मरेनं नंतर हिशोब मांडला. तिला जिवंत आणि धडधाकट ठेवायला लागलेला रस आठशे सत्तरहून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथींचा होता.

या आकड्याशी मी थांबले. इंग्रज वाचकाला हा आकडा गमतीचा वाटला असेल, किंवा कौतुकाचा. त्या मेंढ्या तशाही खाटिकखान्यात जाणारच होत्या, ग्रंथी एरवी फेकूनच दिली असती, हेही खरं. पण ज्या घरात पाणी गाळून पितात, दिवा लावल्यावर पतंग झडप घालतील म्हणून दिवसाउजेडी जेवून घेतात, त्या घरातल्या बाईला हा आकडा गमतीचा कसा वाटेल?

माझी थोरली आत्या लग्न होऊन दूधगंगेकाठच्या एका गावात गेली होती. तंबाखूची शेती, मोठा वाडा, माणसं भरपूर. मला आठवते ती मात्र परत आलेली आत्या. तिला सासरहून आणून सोडलं होतं. कारण काय, तर ती आळशी. दोनदा दिवस गेले आणि राहिले नाहीत, तेही तिच्याच माथी. "काम सांगितलं की ऐकू येत नाही, बसली की उठत नाही." आमच्या आजीचाही यावर विश्वास होता, ही वाईट गोष्ट आहे पण खरी आहे. भर वैशाखात आत्या अंगावर घोंगडी घेऊन उन्हात बसायची. आम्ही पोरं तिच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करायचो. तिला ते ऐकू जायचं आणि ती हळूच हसायची. हसायलाही तिला वेळ लागायचा.

१९६६ साली आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला मोठ्या गावच्या एका डॉक्टरांना दाखवलं. कावीळ म्हणून दाखवायला नेलं होतं, तिची कातडी पिवळट पडली होती. डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यावर आणि घोट्यावर हातोडी मारून पाहिली. घोटा झटक्यात उडाला पण परत खाली यायला फार वेळ लागला. ते म्हणाले, कावीळ नाही, गळ्यातल्या ग्रंथीचं आहे. गोळ्यांची बाटली दिली.

तीन महिन्यांत जे झालं ते मी माझ्या आठ वर्षांच्या डोळ्यांनी पाहिलंय. आत्या बारीक झाली. घोंगडी गेली. एक दिवस ती आमच्या आधी उठून परसात सडा घालत होती. बस्तीला स्वतःच्या पायानं जायला लागली, आणि येताना पोरांशी भांडत यायला लागली. ती इतकी बोलकी आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. आजी एक दिवस चुलीपुढे बसून रडली. कशासाठी ते तेव्हा कळलं नाही.

मग चातुर्मास लागला. गावात त्यागी आले होते, बायका नियम घेत होत्या. आत्यानंही काही नियम घ्यायचे ठरवले आणि घ्यायच्या आदल्या संध्याकाळी सोप्यात आप्पांना विचारलं,

"आप्पा, ही गोळी कशाची रे?"

"औषधाची, आक्का."

"ते कळतंय मला. खरं औषध कशाचं?"

आप्पा गप्प बसले. आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. तेव्हा मात्र तो शब्द दोन्ही अर्थांनी सोप्यात पडून राहिला. आप्पांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेवटी ते म्हणाले, "जनावराच्या गळ्यातल्या गाठीची."

आत्यानं आणखी एकच विचारलं, "किती जनावरं?" याचं उत्तर आप्पांकडे नव्हतं. माझ्याकडे आता आहे. एका बाईचं, २८ वर्षांचं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं गोळी सोडली. प्रायश्चित्त म्हणून उपवास केले. कुणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं, उलट त्यागी महाराजांनीही औषधाचा विषय काढला नाही, काढायला त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आई तिला खूप बोलली. आजी तर पाया पडली. आत्याचं एकच, "नको. एवढे दिवस नकळत झालं. आता कळून कसं घेऊ?" दिवाळीपर्यंत घोंगडी परत आली. त्यानंतर ती नऊ वर्षं जगली, शेवटची दोन अंथरुणातच.

आई शेवटपर्यंत म्हणायची, "मी आप्पांच्या जागी असते तर खोटं बोलले असते." आप्पा यावर कधी काही बोलले नाहीत. आत्याला हट्टी म्हणणारे घरात आहेत, पुण्यवान म्हणणारेही आहेत. मला दोन्ही शब्द तिच्या मापाचे वाटत नाहीत. ज्या बाईला सगळं आयुष्य दुसऱ्यांनी आळशी म्हटलं तिनं एकच गोष्ट स्वतः ठरवली, असं मला कधी वाटतं. कधी वाटतं, तीन महिने जिवंत झालेली बाई आम्ही परत घालवली.

पण मला खरा सल वेगळाच आहे, आणि तो हा इतिहास वाचल्यावरच सुरू झाला.

मरेच्या प्रयोगानंतर रसायनशास्त्रज्ञ या रसात नेमकं काय आहे त्याच्या मागे लागले. १८९५ मध्ये जर्मनीच्या बाउमानना ग्रंथीत आयोडिन सापडलं. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत मेयो क्लिनिकमधल्या एडवर्ड केंडॉल या अठ्ठावीस वर्षांच्या रसायनतज्ज्ञाला त्या रसातलं मूळ द्रव्य स्फटिकरूपात हाती लागलं. सांगतात की काम करता करता त्याला डुलकी लागली, भांड्यातलं द्रावण आटून गेलं आणि तळाशी पांढरा थर राहिला. त्याला थायरॉक्सिन हे नाव मिळालं. तीनेक टन डुकरांच्या ग्रंथींतून त्याला पुढे जे मिळालं ते अवघं ३३ ग्रॅम! आपल्या हळदी-कुंकवाच्या करंड्यात मावेल एवढं.

आणि मग १९२७ साली लंडनच्या हॅरिंग्टन यांनी एडिनबराच्या बार्जर यांच्या साथीनं तेच द्रव्य कुठल्याही प्राण्याशिवाय, काचेच्या भांड्यात, रसायनांपासून तयार केलं. ते पोटातून नीट शोषलं जावं यासाठी आणखी वर्षं गेली. १९४९ च्या सुमारास त्याची मोठ्या प्रमाणावर करता येईल अशी कृती बसली आणि हळूहळू त्याच्या गोळ्या बाजारात आल्या. आज मी घेते ती हीच, थायरॉक्सिनचा सोडियम क्षार. तिच्यातल्या औषधासाठी ना मेंढी लागते ना डुक्कर.

म्हणजे १९६६ साली, ज्या संध्याकाळी आत्यानं सोप्यात विचारलं, त्या संध्याकाळी बिनहिंसेची गोळी जगात होती. जुने डॉक्टर मात्र जुनीच वाळवलेल्या ग्रंथीची गोळी देत राहिले होते, परदेशातही कितीतरी वर्षं तेच चाललं. आमच्या डॉक्टरांना नव्या गोळीची माहिती नव्हती, की मिळत नव्हती, की महाग होती, कुणाला विचारू? आणि आप्पा परत त्यांच्याकडे जाऊन "दुसरी काही गोळी आहे का" असं विचारायला गेले नाहीत. त्या काळी डॉक्टरांना असं विचारत नसत. एवढ्याशा न विचारलेल्या प्रश्नात आत्याची नऊ वर्षं गेली.

मधुमेहाच्या इन्सुलिनचीही गोष्ट याच चालीची आहे. १९२२ पासून ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ पासून ते जिवाणूंकडून तयार करून घेतलेलं मिळायला लागलं. त्याआधीच्या साठ वर्षांत आपल्या समाजातल्या किती घरांत काय काय बोलणी झाली असतील! ती कुणीतरी म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवायला हवीत, राहिली असतील तेवढी.

आता ही ग्रंथी काम कशी करते ते थोडक्यात. बायकांना रिपोर्ट हातात आल्यावर गोंधळ होतो, टीएसएच वाढलंय म्हणजे थायरॉइड वाढलं असं वाटतं. उलट आहे. टीएसएच हा थायरॉइडचा रस नव्हेच, तो मेंदूखालच्या पीयूषिकेचा हुकूम आहे. थायरॉइड नीट काम करत असली की हुकूम हळू आवाजात असतो. ती कमी पडली की पीयूषिका ओरडायला लागते. घरात सासू जेवढी मोठ्यानं बोलते तेवढं सुनेचं काम कमी झालंय असं धरायचं, असं मी मैत्रिणींना सांगते. (सुना वाचत असतील तर माफ करा, हे फक्त ग्रंथींपुरतं खरं आहे.) माझं पहिल्यांदा तपासलं तेव्हा आकडा चारपाचच्या आत हवा होता, तो अडतीस होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही चालत कशा आलात?

थायरॉक्सिनच्या एका कणात आयोडिनचे चार अणू असतात. अंगात गेल्यावर गरजेप्रमाणे त्यातला एक निघतो आणि तीन अणूंचं, जास्त चपळ द्रव्य तयार होतं. तेच पेशीपेशीला सांगतं की किती वेगानं जळायचं. हृदयाचा ठोका, पोटाची चाल, अंगाची ऊब, केस, पाळी, मनाची उभारी, सगळं त्याच्या हातात. आणि हे सगळं चालायला आयोडिन लागतं किती? मोठ्या माणसाला दिवसाला दीडशे मायक्रोग्रॅम, गरोदरपणी थोडं जास्त. सत्तर वर्षांचा हिशोब केला तरी चार ग्रॅमच्या आत. छोट्या चमच्यात बसेल एवढ्यावर सगळं आयुष्य.

तेवढंही नसलं तर मात्र काय होतं ते डोंगराळ मुलखानं पाहिलंय. पावसानं आणि हिमानं माती धुऊन जाते, आयोडिन समुद्राला मिळतं. मग गलगंड, आणि त्याहून वाईट म्हणजे जन्मतः मंद मुलं. अमेरिकेत ओहायोच्या ॲक्रन गावी १९१७ पासून मरीन आणि किंबल या दोघांनी शाळकरी मुलींना आयोडिन दिलं. ते घेणाऱ्या २१९० मुलींत फक्त पाच जणींची ग्रंथी वाढली, न घेणाऱ्या २३०५ मुलींत ४९५ जणींची. स्वित्झर्लंडनं १९२२ पासून ते मिठातच घालायला सुरुवात केली. आपल्याकडे हे काम कांगडा खोऱ्यात झालं. १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले, दोन भागांत आयोडिनचं मीठ पोचवलं, एकात साधंच. पाच-सहा वर्षांत आयोडिनच्या भागांतला गलगंड निम्म्यावर आला, साध्या मिठाच्या भागात होता तसाच राहिला. त्यावरून १९६२ मध्ये सरकारचा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आपल्या किराण्यातल्या मिठाच्या पुड्यावर हसऱ्या सूर्याचं चित्र असतं, त्याच्यामागे हा कांगडा आहे.

यावरून आमच्या महिला मंडळात एकीनं विचारलं, "मग आपण रविवारी मीठ सोडतो, त्यानं थायरॉइड होत नाही ना?" प्रश्न चांगला होता. षड्रसांतला एकेक रस वाराप्रमाणे सोडायची आपली रीत, त्यात रविवार मिठाचा. उत्तर असं की थायरॉइड ही शरीरातली मोठी साठवणखोर ग्रंथी आहे. तिच्या कोठारात कित्येक आठवड्यांचा रस भरून ठेवलेला असतो, एका रविवारानं तिचं काही अडत नाही. बाहेरून घेतलेलं थायरॉक्सिनही रक्तातून निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो. म्हणून एखाद्या दिवशी गोळी तासभर उशिरा घेतली तर आकाश कोसळत नाही. पण दहा-दहा उपवास करणाऱ्या, किंवा पोटात बाळ असलेल्या बायकांनी आपल्या मनानं गोळी बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं. आणि हेही सांगते, आपल्या भागातल्या आमच्यासारख्या पुष्कळ जणींचा आजार आयोडिन कमी पडल्याचा नसतो. शरीर आपल्याच ग्रंथीला परकं समजून तिला पोखरतं, त्यातून होतो. तिथे मीठ वाढवून उपयोग नाही.

मागच्या महिन्यात माहेरचं जुनं घर उतरवायला काढलं. भावानं ट्रंकेतले फोटो मला दिले. त्यात १९६१ चा, काकांच्या लग्नातला एक आहे. मागच्या ओळीत, अगदी टोकाला आत्या उभी आहे, घोंगडी नाही पण पदर घट्ट लपेटलेला. चेहरा मोठा, डोळ्यांखाली फुगवटे. मी चष्मा लावून, खिडकीशी नेऊन पाहिला. दोन्ही भुवया आतून ठीक आहेत आणि बाहेरच्या टोकाला, तिसरा हिस्सा, नाहीतच. माझ्याही तशाच झाल्या होत्या, गोळी सुरू व्हायच्या आधी. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी माझ्याकडे पाहून हेच लक्षण सांगितलं होतं.

फोटोच्या मागे आप्पांच्या अक्षरात सगळ्यांची नावं लिहिली आहेत. आत्याच्या नावापुढे नुसतं 'आक्का' आहे.